विक्का : इंग्लंडचं ऋतुचक्र धायरीत जुळतं का?

ऑक्टोबर संपत आला की इन्स्टाग्रामवर मेणबत्त्या, वाळलेली पानं आणि ‘सॉविन’च्या शुभेच्छा दिसू लागतात. डिसेंबरात ‘यूल’ येतो. हे विक्का या धर्माचे ऋतुसण आहेत. पण ते ज्या हवामानात आकाराला आले, ते पुण्याचं नाही. मग धायरीत राहून कुणी ते पाळायचे ठरवले, तर पुस्तकातली तारीख धरायची की खिडकीबाहेरचा ऋतू?

विक्का म्हणजे काय?

विसाव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला हा निसर्गपूजक धर्म. जेराल्ड गार्डनर (१८८४–१९६४) या निवृत्त ब्रिटिश अधिकाऱ्यानं तो लोकांसमोर आणला. जादूटोण्याविरुद्धचा जुना ब्रिटिश कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. बहुतेक विक्कन देव आणि देवी अशा दोन्ही रूपांची उपासना करतात. कुणाला इजा होणार नाही असं वागावं, हे त्यांचं सर्वाधिक परिचित नीतितत्त्व.

आठ सण कोणते?

वर्षाचं चाक आठ सणांत विभागलेलं असतं. तारखा अशा :

- सॉविन (३१ ऑक्टोबर) : पूर्वजांचं स्मरण, हिवाळ्याची चाहूल
- यूल (२१ डिसेंबरच्या सुमारास) : सर्वांत मोठी रात्र
- इम्बॉल्क (१ फेब्रुवारी) : थंडी ओसरण्याची पहिली खूण
- ओस्तारा (२१ मार्चच्या सुमारास) : दिवस-रात्र समान, वसंत
- बेल्टेन (१ मे) : बहर
- लिथा (२१ जूनच्या सुमारास) : सर्वांत मोठा दिवस
- लूनासा (१ ऑगस्ट) : पहिली कापणी
- मेबन (२२ सप्टेंबरच्या सुमारास) : पुन्हा दिवस-रात्र समान, सुगी

यातले काही सण जुन्या आयरिश परंपरेतून आले, तर आठांचं एकत्र चक्र विसाव्या शतकात जुळवलं गेलं. ‘मेबन’ हे नाव तर १९७० च्या दशकातलं आहे.

धायरीत काय होतं?

सिंहगड रस्त्याला लागून असलेली धायरी २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आली. गावाचं उपनगर झालं, पण ऋतू तेच राहिले आणि ते वरच्या यादीशी फारसे जुळत नाहीत.

लंडनमध्ये जूनमधला सर्वांत मोठा दिवस सुमारे साडेसोळा तासांचा असतो, तर डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी. पुण्यात हेच आकडे साधारण सव्वातेरा आणि अकरा तास. त्यामुळे ‘प्रकाश परत आला’ हा यूलचा आनंद इथे तितका जाणवत नाही. पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. त्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. लिथाच्या सुमारास तर पावसाळी ढगांमुळे सूर्य अनेकदा दिसतही नाही.

१ मे ला तिकडे वसंताचा बहर, इकडे रखरखीत ऊन. १ ऑगस्टला तिकडे कापणी, तर सिंहगडापलीकडच्या मावळपट्ट्यात भाताची लावणी नुकतीच आटोपत आलेली. आणि आपल्या वर्षातला सर्वांत मोठा बदल, म्हणजे पाऊस, त्याला या चक्रात स्वतंत्र सणच नाही.

मग खरं काय मानायचं?

विक्कात सगळ्यांवर बंधनकारक असा एक ग्रंथ किंवा एक धर्मपीठ नाही. त्यामुळे ‘अस्सल’ कशाला म्हणायचं, यावर दोन मतं आहेत. गार्डनर यांच्या परंपरेत दीक्षा लागते आणि ती आधी दीक्षा घेतलेली व्यक्तीच देते. याउलट स्कॉट कनिंगहॅम यांनी १९८८ मध्ये एकट्यानं उपासना करणाऱ्यांसाठी पुस्तक लिहिलं. तिथे स्वतःचा अनुभव आणि प्रामाणिकपणा महत्त्वाचा.

‘प्राचीन म्हणून अस्सल’ हा दावाही टिकत नाही. विक्का ख्रिस्तपूर्व धर्माचा अखंड वारसा आहे, असं गार्डनर मांडत. रोनाल्ड हटन यांच्यासारख्या इतिहासकारांनी तो आधुनिक धर्म असल्याचं दाखवून दिलं. ऑस्ट्रेलियातले अनेक विक्कन तर चाक उलटं फिरवतात आणि सॉविन एप्रिलच्या शेवटी करतात, कारण तिथे शरद तेव्हा असतो. तारीख बदलली तरी सणाचा अर्थ जपला जातो.

हा प्रश्न आपल्याला नवा नाही. सूर्य हस्त नक्षत्रात जातो तो सप्टेंबरच्या अखेरीस, परतीच्या पावसात. पाटावर हत्ती काढून हादगा किंवा भोंडला खेळायचा तो याच दिवसांत. आता अनेक सोसायट्यांत तो सुट्टी पाहून एकाच संध्याकाळी होतो. तरी फेर धरणाऱ्या आणि खिरापत ओळखणाऱ्या बायकांना तो खोटा वाटत नाही.

कायदा आणि शब्दाचं ओझं

‘विच’ म्हणजे ‘चेटकीण’ असं भाषांतर केलं की अडचण सुरू होते. नंदुरबारसारख्या भागात ‘डाकीण’ ठरवून बायकांचा छळ झाला आहे, त्यामुळे तो शब्द इथे फॅशनचा नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा अनुसूचीत दिलेल्या अमानुष, अघोरी आणि फसवणुकीच्या कृत्यांना गुन्हा ठरवतो. घरी दिवा लावून ऋतूचं स्वागत करणं त्या यादीत नाही. मात्र अलौकिक शक्तीच्या नावाखाली कुणी पैसे उकळत असेल किंवा भीती घालत असेल, तर त्यानं स्वतःला ‘विक्कन’ म्हटलं म्हणून त्याला सूट मिळत नाही.