राखलेली स्थाने आणि पुसलेली स्थाने

मोटारीत बसवलेल्या जीपीएस यंत्राच्या स्मरणात दोन थर असतात. पहिला थर नकाशाचा. रस्ते, नद्या, पूल, गावांची नावे हे सारे नकाशा तयार करणाऱ्या कंपनीने भरून दिलेले असते आणि तोच नकाशा घातलेल्या प्रत्येक यंत्रात ते सारखेच असते. दुसरा थर वापरणाऱ्याचा. 'घर' म्हणून नोंदवलेला बिंदू, आवडीची म्हणून राखून ठेवलेली ठिकाणे, अलीकडे शोधलेले पत्ते आणि प्रत्यक्ष कापलेल्या वाटांची नोंद यांचा त्यात समावेश होतो. मोटार विकताना यंत्र रीसेट करतात तेव्हा हा दुसरा थर पुसला जातो. पहिला जागच्या जागी राहतो. या तांत्रिक भेदाकडे वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाने थोडे थांबून पाहावे, असे सुचवण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी गद्याच्या आरंभकाळात आजच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या भूमीशी निगडित असा एक 'दुसरा थर' ग्रंथरूप झाला होता. ठिकाणे राखणे आणि पुसणे यांविषयी त्या ग्रंथांच्या इतिहासाकडून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

प्रथम यंत्राविषयी एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. उपग्रह आपल्याला पाहत असतात आणि आपण कोठे आहोत हे त्यांना ठाऊक असते, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. उपग्रह केवळ स्वतःची वेळ आणि स्वतःचे स्थान प्रसृत करीत राहतात. निदान चार उपग्रहांचे संकेत ऐकून यंत्र आपले स्थान स्वतःच गणिताने काढते. अमेरिकेने नागरी वापराच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता 2000 सालच्या मे महिन्याच्या आरंभी काढून टाकली आणि त्यानंतरच मोटारींतील यंत्रे खऱ्या अर्थाने उपयोगी ठरली. या यंत्रणेत ऐकणारा बोलत नसल्यामुळे आपल्या येण्याजाण्याची नोंद आकाशात कोठेही होत नाही. ती होते यंत्राच्या स्मृतीत. म्हणूनच ती पुसण्याला अर्थ आहे.

आता मराठीकडे वळू. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथकार आपला काळ आणि आपले स्थळ नोंदवतात, हे आपण वर्गात नेहमी सांगतो. शके 1212, म्हणजे इ. स. 1290. स्थळाचा निर्देश मात्र आपण बहुधा घाईने उरकतो. तो पाहिला तर त्यात चार खुणा आढळतात: गोदावरीचा दक्षिण तीर, पंचक्रोशीचे क्षेत्र, तेथील महालया ही देवता आणि तेथे राज्य करणारा रामचंद्र यादव. नेवासे गाव प्रत्यक्षात प्रवरेच्या काठी आहे आणि प्रवरा पुढे टोके येथे गोदावरीला मिळते. ग्रंथकाराने अशा प्रकारे आपले स्थान एका मोठ्या नदीच्या प्रदेशात ठेवले आहे. आजच्या भाषेत हा एकच राखलेला बिंदू आहे. पण तो शोधण्यासाठी वाचकाला नदी, दैवत आणि राजा या तीन वेगवेगळ्या प्रकारच्या खुणा आधीपासून ठाऊक असाव्या लागतात. त्यांतली राजाची खूण सर्वांत आधी गेली. अल्लाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी 1296 साली झाली आणि पुढच्या सुमारे दोन दशकांत यादवांची सत्ता संपली. नदी आणि दैवत टिकले, म्हणून पत्ता टिकला.

त्याच जिल्ह्यात, आजच्या श्रीरामपूर तालुक्यात, गोदाकाठी कमालपूर हे गाव आहे. महानुभाव परंपरेत त्याचे नाव डोमेग्राम. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींचे येथे दीर्घ वास्तव्य झाले. स्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभटांनी शिष्यांच्या, विशेषतः नागदेवाचार्यांच्या, आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. मराठीतील आद्य गद्य चरित्रग्रंथ म्हणून आपण ते शिकवतो. त्याला जोडून असलेला, पण अभ्यासक्रमात क्वचित डोकावणारा ग्रंथ म्हणजे चौदाव्या शतकातील 'स्थानपोथी'. डॉ. वि. भि. कोलते यांनी ती संपादित करून अभ्यासकांच्या हाती दिली. स्वामी ज्या ज्या गावी गेले तेथील स्थानांची ती नोंद आहे: देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला स्वामी बसले, कोठे जेवले, कोठे निजले, तेथून पुढचे स्थान कोणीकडे.

या नोंदींची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. स्थानपोथीला पहिला थर उपलब्धच नाही. अक्षांश-रेखांश नाहीत, साऱ्या प्रदेशाचा एकसंध नकाशा नाही. प्रत्येक स्थान दुसऱ्या स्थानाच्या आधाराने सांगितले आहे. हे त्या देवळाच्या पश्चिमेला, ते या वृक्षाच्या उत्तरेला. आधाराची वस्तू पडली की तिच्यावर टेकलेला पत्ताही ढळतो. यंत्रात नेमके उलट घडते. तेथे प्रत्येक राखलेला बिंदू स्वतंत्र आकड्यांवर उभा असतो. भोवतालचे गाव धरणाखाली गेले तरी बिंदू हलत नाही. पण एका कळीने सारे बिंदू एकदम नाहीसे होऊ शकतात, आणि स्थानपोथीतील स्थाने मात्र अशी एकदम नाहीशी झाली नाहीत. त्यांवर ओटे बांधले गेले, यात्रेकरू तेथे नमन करीत राहिले. ग्रंथातील नोंद आणि जमिनीवरचा ओटा यांनी एकमेकांना सावरले.

तरीही एक मोठा 'रीसेट' या परंपरेवर ओढवला. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. पुढे ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या पाठांतरावरून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. हिराइसेचे नाव या संदर्भात आदराने घेतले जाते. निरनिराळ्या स्मरणांतून ग्रंथ उभा राहिल्यामुळे पाठभेद उत्पन्न झाले आणि संपादकांना आजही त्यांच्याशी झुंजावे लागते. पाठभेदांकडे आपण अडचण म्हणून पाहतो. पण एका नाहीशा झालेल्या प्रतीमागे अनेक माणसांची स्मरणे शिल्लक होती, याचाच ते पुरावा आहेत.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की राखणे हे पुण्य आणि पुसणे हे पाप. तसे म्हणता येणार नाही. एका माणसाच्या प्रत्येक बसण्याउठण्याची जागा नोंदवणारी वही शिष्याच्या हाती असेल तर ती भक्ती ठरते. परक्याच्या हाती पडली तर तीच पाळत ठरते. विकलेल्या मोटारीच्या यंत्रातून नव्या मालकाला आधीच्या मालकाचे घर, मुलांची शाळा, नेहमीचा दवाखाना, वकिलाचे कार्यालय यांचे पत्ते आपोआप मिळतात. महानुभावांना या धोक्याची जाण होती. त्यांनी आपले ग्रंथ पुसले नाहीत. ते सकळ लिपीत लिहून ठेवले. अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजणारी ही सांकेतिक लिपी रवळोबासांची मानली जाते. तिच्यामुळे नोंद शतकानुशतके टिकली आणि वाचण्याचा अधिकार मात्र पंथाच्या हाती राहिला. विसाव्या शतकात ही लिपी उलगडून ग्रंथ छापले गेले, तेव्हा कोठे प्राचीन मराठी गद्याचा इतिहास आपल्याला नीट लिहिता आला.

मोटारीतील यंत्राच्या बहुतेक मालकांना असे कुलूप उपलब्ध नसते. म्हणून त्यांनी पुसावेच, आणि पुरते पुसावे. केवळ 'घर' काढून टाकल्याने काम होत नाही. राखलेली ठिकाणे, अलीकडचे शोध आणि प्रवासाची नोंद या तिन्ही याद्या अनेक यंत्रांत वेगवेगळ्या असतात. ब्लूटूथने जोडलेल्या फोनची नावे व क्रमांक उतरले असतील तर तेही काढावे लागतात, स्मृतिकार्ड असल्यास ते बाहेर घ्यावे लागते आणि शेवटी मूळ स्थितीला नेणारा रीसेट करावा लागतो. आज बहुतेकांची ठिकाणे फोनच्या खात्यात, म्हणजे दूरच्या संगणकांवर साठतात. तेथे यंत्र पुसल्याने नोंद जात नाही; ती खात्यात जाऊन वेगळी पुसावी लागते.

राहिला पहिला थर. तो जागच्या जागी राहतो असे आरंभी म्हटले, पण तोही बदलतो. फक्त आपल्या हाताने बदलत नाही. मलिक अहमदाने 1490 च्या सुमारास भिंगारजवळ वसवलेल्या शहराचे आणि त्यावरून ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहिल्यानगर झाले. याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यातील चोंडी येथे, 1725 साली अहिल्याबाईंचा जन्म झाला. नकाशात हे नाव अद्ययावत आवृत्तीबरोबर येते. कोणी आपल्या यादीत 'नगरची मावशी' असे लिहून ठेवले असेल, तर ते तसेच राहते. शहराजवळच्या डोंगरावरील वास्तू तर याहून बोलकी आहे. ती निजामशाहीतील सलाबतखानाची कबर आहे, असे इतिहास सांगतो. लोक मात्र तिला चांदबिबीचा महालच म्हणतात. लोकांनी स्वतः राखलेले नाव अधिकृत नोंदीला असे पुरून उरते.

म्हणून रीसेटच्या कळीवर बोट ठेवण्यापूर्वी एक छोटे काम करावे. यादीतील ज्या ठिकाणांना आपण स्वतः नावे दिली, ती एका वहीत उतरवून घ्यावीत, आणि स्थानपोथीप्रमाणे एखादी खूणही लिहावी: कोणत्या देवळाच्या मागे, कोणत्या ओढ्याच्या अलीकडे. रीसेटनंतर यंत्र आपण कोठे आहोत हे उपग्रहांचे संकेत ऐकून पुन्हा काढील. आपण कोणाकडे जात होतो, हे मात्र त्याला कोणताही उपग्रह सांगू शकणार नाही.