खानेसुमारीच्या चिठ्ठ्या

माहिती गोळा करणें ही एक गोष्ट, आणि गोळा केलेल्या माहितीला हवे ते प्रश्न विचारतां येणें ही अगदीं निराळी. आज संगणकावर याकरितां पृथक्करणाचीं खास भांडारें असतात व तीं चालविण्याची विद्या तरुण मंडळी शिकत आहेत. हीच विद्या आमच्या मध्यप्रांतानें कागद, टांक आणि लांकडी खण यांवर कशी शिकली, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रांताची पहिली खानेसुमारी १८६६ सालीं झाली. १८८१ व १८९१ सालीं घरोघरचीं उत्तरें भरलेलीं पुस्तकें कचेरींत येत आणि कारकून मोठ्या तक्त्यावर माणसागणिक रेघ ओढीत. रेघा मोजल्या कीं बेरीज आली. यांत खोट अशी कीं, रेघ ओढतांच तिच्यामागचा माणूस नाहींसा होई. हिंगण्यांत विधवा किती हें कळलें. परंतु त्यांपैकीं वीस वर्षांखालच्या किती, असें मागाहून कोणीं पुसलें, तर पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हां उघडावें लागे.

१९०१ सालीं बव्हेरियांतील गेऑर्ग फॉन मायर यांची चिठ्ठ्यांची रीत हिंदुस्थानांत आली. मध्यप्रांतांत त्या वेळीं रसेलसाहेब खानेसुमारीचे मुख्य होते. एका माणसाची एक चिठ्ठी; धर्म कागदाच्या रंगावरून ओळखावा, लिंग व विवाहस्थिति छापील चिन्हावरून; वय, जात, धंदा हीं लिहावीं. मग तोच गठ्ठा खणांत आज वयाप्रमाणें वांटा, उद्यां धंद्याप्रमाणें, परवां भाषेप्रमाणें! माणूस शाबूत राहतो. आजचें भांडार याच्याही पुढें जाऊन वयाचा रकाना निराळा व धंद्याचा निराळा ठेवतें. प्रश्न वयाचा असेल तर तेवढाच रकाना वाचतें. अमेरिकेंत हें काम १८९० पासून हॉलरिथचें यंत्र भोंके पाडलेल्या कार्डांवर करीत असे. आमच्याकडे कारकून स्वस्त होते.

खरी कसोटी मात्र वांटणींत नसून नांवांत होती. आमच्या भागांत जात विचारली तर कोणी ‘तिरोळे’ सांगणार, कोणी ‘बावने’, कोणी ‘झाडे’, सारे कुणबीच. हे सर्व एका खणांत टाकावयाचे कीं तीन, हें वांटणाऱ्या कारकुनावर सोडलें तर प्रत्येक कचेरीचा आंकडा निराळा येणार. ती व्यवस्था आधींच लावून ठेवणें हेंच अधिकाऱ्याचें काम. रसेल व रायबहादूर हिरालाल यांनीं १९१६ सालीं प्रांतांतील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यामागें या नांवांच्या जंजाळाशीं पडलेली गांठही असली पाहिजे, असें मला वाटतें.

१९४१ सालीं उत्तरें एकदम चिठ्ठ्यांवरच लिहून घेतलीं. परंतु महायुद्ध चालू होतें; खर्चास कात्री लागली व बरेच तक्ते झालेच नाहींत. जात विचारली होती, पण सर्व देशाचा जातींचा तक्ता तयार झाला नाहीं. दर पन्नास चिठ्ठ्यांतील एक नमुन्यादाखल राखली गेली. म्हणून १९८० सालीं अहवाल देणाऱ्या मंडल आयोगास मागासवर्गीयांच्या संख्येचा अंदाज बांधतांना १९३१ च्या आंकड्यांकडे जावें लागलें. त्या आंकड्यांत मोजलेलीं बहुतेक माणसें तोंवर हयात नव्हतीं.