फिरतीवरचं एकच हत्यार : साहेबाची रायफल आणि पारध्याचा फास

मागच्या व्याख्यानानंतर खाली चहा घेताना एका तरुणाने मला एक प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, समजा माणसाला आयुष्यभर फिरतीवर राहायचंय. घर नाही, कपाट नाही. शिकारीसाठी एकच रायफल जवळ ठेवता येईल. तर त्याने कोणती घ्यावी?" मी त्याला म्हटलं, पुढच्या वेळी ये, सांगतो. तो आज समोर बसलेला दिसतोय, म्हणजे आता सुटका नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे शिकार हा गुन्हा आहे. तेव्हा हा बाजारहाटीचा सल्ला नाही. पण प्रश्न इतिहासाचा म्हणून फार चांगला आहे. आपल्या या परभणीच्या मुलखात फिरतीवर राहणारी, एकच हत्यार बाळगणारी माणसं खरोखर होऊन गेली. एक नव्हे, दोन प्रकारची. त्या दोघांनी काय निवडलं, आणि त्या निवडीचं पुढे काय झालं, हे आज बघू.

पहिला फिरस्ता म्हणजे दौऱ्यावरचा अधिकारी. आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात. १८६५ च्या सुमारास पहिल्या सालारजंगांनी जिल्हाबंदी केली आणि जिल्ह्यावर तालुकदार आला. इंग्रजी मुलखात त्यालाच कलेक्टर म्हणत. शिवाय हिंगोलीला निजामाच्या कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०३ साली ती फौज हिंदुस्थानी लष्करात विलीन झाली, तोवर इंग्रज लष्करी अधिकारी तिथे असायचे. १ मे १९९९ पर्यंत हिंगोली आपल्याच जिल्ह्यात होती, हे इथल्या पन्नाशीपुढच्या लोकांना सांगायला नको.

पाऊस संपला, काळ्या मातीच्या वाटा वाळल्या, की दौरे सुरू. तंबू, पेट्या, दप्तर सगळं बैलगाड्यांवर. आज या गावच्या आमराईत मुक्काम, उद्या पुढच्या. मुक्कामावर जेवणात काय, तर आसपास जे मिळेल ते. त्यामुळे बंदूक ही हौसही होती आणि सैपाकघराचा भागही होती.

आता या माणसाची अडचण समजून घ्या. सकाळी गोदावरीच्या किंवा दुधनेच्या पात्रात बदकं. दुपारी ज्वारीच्या रानात तितर, लावे. माळावर काळवीट, दोनशे पावलांवर उभं, जवळ येऊच देत नाही. आणि जिंतूरच्या बाजूला डोंगरात शिरलात तर झुडपातून बिबट्या किंवा रानडुक्कर, अगदी दहा पावलांवर. पाखराला छर्रे पाहिजेत. काळविटाला लांब आणि सरळ जाणारी एकच गोळी पाहिजे. डुकराला जवळून बसणारी जड गोळी. एका हत्यारात हे तिन्ही कसं बसवायचं?

जुन्या ठासणीच्या बंदुकीत त्याचं उत्तर होतं, असं ऐकून तुम्हाला नवल वाटेल. नळीत दारू ओतायची, वर छर्रे टाका नाहीतर गोळी टाका. दारू कुठेही मिळे, शिसं वितळवून गोळी घरी ओतता येई. म्हणजे एक बंदूक आणि सगळी कामं. पण एकदा उडवली की पुन्हा ठासायला वेळ लागतो, पावसात दारू ओली होते, आणि आतून गुळगुळीत नळीतून सुटलेली गोळी लांबवर सरळ जात नाही. गोळी सरळ जायची तर नळीला आतून पीळ पाहिजे. तो पीळ असला की ती रायफल. पण पिळाच्या नळीतून छर्रे उडवले की ते वेडेवाकडे फाकतात. इथे घोडं अडतं.

पुढे मागून भरायची काडतुसं आली आणि बारा बोअरची दुनळी घरोघरच्या साहेबांकडे गेली. हे 'बारा' म्हणजे काय, ते पुष्कळांना माहीत नसतं. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. म्हणून आकडा लहान तितकी नळी मोठी. बारा बोअरमध्ये छर्ऱ्याचं काडतूस चाले, गोळीचंही चाले. पण गोळीचा नेम पन्नास-साठ पावलांपुढे राहत नसे.

यावर एक उपाय काढला तो हिंदुस्थानातच नोकरी केलेल्या एका लष्करी माणसाने. जॉर्ज फॉस्बेरी त्याचं नाव, बंगाल आर्मीतला. १८८५ साली त्याने पेटंट घेतलं. नळी सगळी गुळगुळीत ठेवायची आणि फक्त तोंडाजवळच्या शेवटच्या दोन-तीन इंचांत पीळ द्यायचा. छर्रेही ठीक जातात आणि गोळीही शंभर पावलांपर्यंत बऱ्यापैकी सरळ जाते. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने ती विकायला काढली आणि नाव ठेवलं 'पॅराडॉक्स'. म्हणजे विरोधाभास. नाव अगदी बरोबर. हिंदुस्थानातल्या फिरतीवरच्या साहेबांना ती पसंत पडली, कारण एका पेटीत दोन बंदुकांचं काम. तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचं त्या काळातलं उत्तर हे होतं.

मग बिनधुराची दारू आली, आणि लहान मापाच्या, वेगवान गोळीच्या मॅगझिन रायफली आल्या. जिम कॉर्बेटचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यानंतर १९०७ साली त्याला जी रायफल भेट मिळाली, ती रिग्बीची .२७५. वजनाला हलकी. दिवसभर डोंगरात पायी हिंडणाऱ्या माणसाला वजन हाच पहिला हिशोब असतो. जड दुनळी रायफल त्याच्याकडे होती, पण हलकी त्याच्या फार आवडीची.

इथपर्यंत गोष्ट कारागिरीची आहे. आता ती सरकारची होते.

१८५७ नंतर सरकारला एकच धास्ती होती, की बंदूक कोणाच्या हातात आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या काळात हत्यारांचा कायदा आला. देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचं तोंड बांधणारा कायदाही त्याच वर्षीचा, हा योगायोग नाही. हिंदी माणसाला परवाना लागणार, आणि युरोपियनाला नियमांतून सूट. निजामाचं राज्य वेगळं खरं, पण बंदूक आणि काडतूस येणार मुंबईकडून नाहीतर मद्रासकडून, म्हणजे इंग्रजी मुलखातूनच. तेव्हा वाट तीच.

आणखी गंमत बघा. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाच्या रायफली हिंदुस्थानात आणायला बंदी केली. का? तर जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींची गोळी त्याच मापाची, ती काडतुसांतून काढून बंडखोर वापरतील ही भीती. झालं, लंडनच्या बंदूकवाल्यांनी नवी मापं काढली. .४६५, .४७०, .४७५. आफ्रिकेत हत्ती मारायला पुढे प्रसिद्ध झालेली ही मापं हिंदुस्थानातल्या एका सरकारी भीतीतून जन्माला आली. फौजेच्या .३०३ चंही तेच. लष्करी मापाची रायफल सामान्य माणसाला द्यायची नाही. म्हणून मग .३१५ आलं, मूळचं ऑस्ट्रियाच्या मॅनलिखरचं काडतूस. स्वतंत्र भारतात सरकारी कारखान्यांनी .३१५ चीच स्पोर्टिंग रायफल बनवली. आपल्याकडे परवान्यावरची देशी रायफल म्हणजे .३१५ हे समीकरण असं बसलं. ते माप शिकाऱ्याने निवडलेलं नाही, फाइलीने निवडलेलं आहे.

म्हणजे फिरतीवरच्या हत्याराच्या कसोट्या मोजायच्या तर अशा. वजन किती? त्याला खाऊ काय घालायचा, म्हणजे काडतूस कुठे मिळतं? किती प्रकारची शिकार होते? मोडलं तर दुरुस्त कोण करतो? आणि शेवटची, पण सगळ्यांत मोठी : कागद कोणाकडून आणायचा?

आता याच कसोट्या घेऊन आपण दुसऱ्या फिरस्त्याकडे जाऊ. तो साहेबाच्या तंबूपासून फार लांब नव्हता. गावाबाहेर माळावर त्याची पालं होती. फासेपारधी.

पारधी म्हणजे एकच जमात नव्हे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्य प्रांतावरच्या ग्रंथात पोटभेद दिले आहेत. बंदूक वापरणारे शिकारी किंवा भिल पारधी, फास लावणारे फासेपारधी, लंगोटी पारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकार, आणि शिकवलेला चित्ता बाळगणारे चितापारधी. बघा, हत्यारावरूनच पोटजात. कोणी कोणतं साधन निवडलं, तीच त्याची ओळख झाली.

फासेपारध्याचा फास म्हणजे काय? तातीचे, केसाचे, पुढच्या काळात नायलॉनचे सरकते फासे एका लांब दोरीला ओळीने बांधलेले. पाखरासाठी बारीक, हरणासाठी दणकट. जनावराच्या वाटेवर खुंट्या ठोकून लावायचे आणि दुसऱ्या बाजूने हाकारायचं. गुंडाळलं की गाठोड्यात मावतं.

लावा कसोट्या. वजन काहीच नाही. काडतूस लागत नाही. लावा, तितर, मोर, ससा, काळवीट, सगळ्याला चालतो, फक्त फास लहान-मोठा. तुटला तर रात्री पालासमोर बसून घरातलं कोणीही नीट करतं. आवाज नाही, म्हणून कळप मुलूख सोडून पळत नाही. साहेबाचं पॅराडॉक्स ज्या परीक्षेत काठावर पास होतं, तिथे फास पहिल्या नंबरात येतो.

आणि एक मजेची गोष्ट. काळवीट माणसाला बिचकतं, बैलगाडीला बिचकत नाही, हे साहेबांना कळलेलं होतं. ते गाडीच्या आडून चालत काळविटाच्या टप्प्यात जायचे. पारधी काय करी? शिकवून तयार केलेली गाय चरत चरत पुढे न्यायची आणि तिच्या आडून आपण सरकायचं. युक्ती तीच. एकाच्या युक्तीला शिकारीच्या पुस्तकात जागा मिळाली. दुसऱ्याची कुठे लिहिली गेली? पोलिसांच्या टिपणात. मेजर गनथॉर्प नावाच्या अधिकाऱ्याचं १८८२ चं पुस्तक आहे, मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमातीं'वर. पारध्यांची माहिती तिथे सापडते.

कारण पाचवी कसोटी. कागद. फासाला परवाना लागत नव्हता हे खरं, पण फास लावणाऱ्या माणसालाच परवाना लागू लागला. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात आला, १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. जमातीची नोंद, हजेरी, गाव सोडताना पास. आता विचार करा, ज्याचं पोट फिरण्यावर आहे त्याला फिरायची परवानगी मागावी लागते. तालुकदार फिरला तर दौरा, पारधी फिरला तर संशय. रान तेच, काळवीट तेच.

सगळ्यांना हे मान्य होतं असंही नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांना शिकारीचा मोठा षौक, चित्त्यांकडून काळविटाची शिकार त्यांच्याकडे होत असे. म्हणजे शिकाऱ्याची विद्या त्यांना कळत होती. त्यांनी फासेपारध्यांना आसरा दिला, कामं दिली, आणि १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली. एका शिकाऱ्याने दुसऱ्या शिकाऱ्याला ओळखलं, असं मला त्यात नेहमी वाटतं.

आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी संपली. देशभरात गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. म्हणून त्या लोकांना 'विमुक्त' म्हणतात. पण १९५९ साली मुंबई राज्याचा सराईत गुन्हेगार कायदा आला, आणि ठाण्यातल्या वहीतली जुनी सवय काही गेली नाही. त्याच १९५९ साली नवा हत्यार कायदा आला. त्यात पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना शेतकऱ्याला मिळण्याची सोय आहे. पालावरच्या माणसाला ना शेत, ना सातबारा, ना पत्ता. अर्ज कुठून करायचा?

आता कोणी म्हणेल, सर, पण काळवीट संपलं ते या पारध्यांमुळेच ना? प्रश्न रास्त आहे. पारधी काही साधुसंत नव्हते, ते पोटासाठी मारत होते, विकतही होते. पण कैलास मल्होत्रा, माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. त्यात नोंद आहे, की फासात अडकलेलं पाडस आणि गाभण मादी फासेपारधी परंपरेने सोडून देत. फासात हे जमतं, कारण जनावर जिवंत हाती येतं. गोळी सुटल्यावर ती परत बोलावता येत नाही. मधल्या काळात माळ नांगराखाली गेले, आणि स्वातंत्र्यानंतर रात्री जीप, दिव्याचा झोत आणि रायफल घेऊन हौशी मंडळी निघाली. या सगळ्याचा हिशोब एका पालाच्या नावावर टाकता येणार नाही.

१९७२ चा कायदा आला तो हवाच होता. काळवीट पहिल्या अनुसूचीत गेलं, म्हणून आज आपल्या रानात कळप दिसतात. हरभऱ्यात शिरले की शेतकरी शिव्या देतो, तोही चुकीचा नाही. पण त्या कायद्याने साहेबाच्या वारसाचा छंद गेला, आणि पारध्याचं पोट गेलं. छंदाला दुसरा छंद मिळतो. पोटाला पर्याय द्यायला आपण विसरलो. शेजारच्या वाशीम-अकोल्याकडे 'संवेदना' ही संस्था फासेपारधी समाजाबरोबर गवताळ रानं आणि तणमोर वाचवायचं काम करते. तणमोर कुठे बसतो, कधी बोलतो, हे त्या लोकांना जितकं कळतं तितकं कोणाला कळतं? विद्या तीच, काम वेगळं. असं काम आपल्या जिल्ह्यात का होऊ नये, हा प्रश्न मी इथे सोडून जातो.

तर मित्रा, तुझं उत्तर. १८९० साली विचारलं असतंस तर मी म्हटलं असतं, पैसा आणि गोरी कातडी असेल तर पॅराडॉक्स घे. १९६० साली विचारलं असतंस तर बारा बोअर, कारण काडतूस मिळतं आणि परवानाही सोपा. पण ज्यांनी खरोखर सगळं आयुष्य, पिढ्यान्‌पिढ्या, रस्त्यावर काढलं, त्यांनी रायफल निवडलीच नाही. त्यांनी दोरी निवडली. आणि उद्या गावाबाहेर पाल दिसलं, तर त्या पालात या मुलखाचे सगळ्यांत जुने जाणते शिकारी राहतात, एवढं लक्षात ठेव. चोरी झाली म्हणून पहिलं बोट तिकडे करण्याआधी.

थांबतो.