परग्रहाची भाषा आणि मोजणीबाहेरची माणसं

'स्टार ट्रेक' या अमेरिकी चित्रपटमालिकेतले क्लिंगॉन म्हणजे परग्रहावरचे लढवय्ये. १९८४ च्या चित्रपटासाठी मार्क ओक्रांड या भाषाशास्त्रज्ञाने त्यांची भाषा रचली. ती माणसांची वाटू नये म्हणून जगातल्या भाषांत जे क्वचित सापडतं ते त्याने मुद्दाम निवडलं. आपण म्हणतो, 'मुलगी भाकरी खाते'. क्लिंगॉनमध्ये भाकरी आधी, मग खाणं, आणि मुलगी सगळ्यात शेवटी!

पण हा क्रम 'अमानवी' ठरवला कुणी?

१९६३ साली जोसेफ ग्रीनबर्ग यांचा गाजलेला निबंध प्रसिद्ध झाला. जगभरच्या ३० भाषा तपासून त्यांनी सगळ्या भाषांना लागू पडतील असे नियम मांडले. त्या तीसात हिंदी होती, कन्नड होती. पहिलाच नियम असा, की साध्या विधानात कर्ता जवळपास नेहमी कर्माच्या आधी येतो. निवड सोयीने केली आहे, हे ग्रीनबर्ग यांनी स्वतःच सांगितलं होतं. पुढच्यांनी मात्र नियम लक्षात ठेवला आणि ती कबुली विसरले. (हे आपल्याला नवीन नाही.)

ब्राझीलमध्ये अमेझॉनला मिळणाऱ्या न्हामुंडा नदीकाठी हिश्कार्याना आदिवासी राहतात. लोक काही शेच. डेस्मंड डर्बीशायर तिथे गेले ते बायबलच्या भाषांतरासाठी; त्या हेतूबद्दल आम्हाला प्रेम नाही. पण ते तिथे राहिले, भाषा शिकले, आणि १९७७ मध्ये त्यांनी पुराव्यानिशी दाखवलं, की 'जॅग्वारने माणूस खाल्ला' हे सांगायला हे लोक 'माणूस, खाल्ला, जॅग्वार' असा क्रम लावतात. म्हणजे क्लिंगॉन पडद्यावर यायच्या आधीपासून तो क्रम माणसांच्या तोंडी होता. त्या घरांतली पोरं तो आईकडून शिकत होती.

ओक्रांडवर आमचा राग नाही. दुर्मीळ गोष्टी हुडकून भाषा घडवणं ही अभ्यासाचीच वाट. आमचा आक्षेप वेगळा आहे. मोजणीत ज्यांना धरलंच नाही, त्यांचं बोलणं आधी 'अशक्य', मग 'अपवाद', आणि शेवटी परक्या शत्रूच्या तोंडी शोभणारं ठरतं. गोंडी द्रविड कुळातली, कोरकू मुंडा कुळातली. तरी महाराष्ट्रात दोघींना सर्रास 'बोली' म्हणून मराठीच्या पायाशी बसवलं जातं, ते याच सवयीने.

आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या गप्पांत फारशी येत नाही. क्लिंगॉनच्या आधी, १९७७ मध्येच, ओक्रांडने पीएच.डी.साठी कॅलिफोर्नियातल्या मुत्सुन या आदिवासी भाषेचं व्याकरण लिहिलं होतं. ती अस्खलित बोलणाऱ्या शेवटच्या बाई, असेन्सिओन सोलोर्सानो, १९३० मध्ये वारल्या. मरणाच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी सांगितलेलं जे. पी. हॅरिंग्टनने वह्यांत उतरवून घेतलं, आणि ओक्रांडचं काम त्या वह्यांवर उभं राहिलं. आज मुत्सुन लोकांची पुढची पिढी त्याच नोंदींतून आपली भाषा पुन्हा बोलायला शिकते आहे. २०१६ मध्ये त्यांचा शब्दकोशही आला.