बैलाला किंमत होती, कुत्र्याला नाही

परभणी जिल्ह्यात जनावरांच्या सरकारी दवाखान्याला लोक आजही ‘गुरांचा दवाखाना’ म्हणतात. कुत्र्याला घेऊन गेलात तरी नाव तेच. आपल्याकडचं पशुवैद्यक कुणासाठी जन्माला आलं, हे त्या नावातच आहे. कुत्र्याचं बिल हाताबाहेर का जातं, हेही बरंचसं तिथूनच कळतं.

इंग्रजांना सैन्यासाठी घोडे हवे होते आणि शेतसाऱ्यासाठी धडधाकट बैल. १८८६ साली मुंबईत परळला पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. १८८९ साली पुण्यात गुरांच्या साथरोगांवर संशोधन करणारी प्रयोगशाळा निघाली आणि चार वर्षांनी ती हिमालयात मुक्तेश्वरला गेली. तिचा मोठा शत्रू होता बुळकांडी, गावंच्या गावं गुरांविना करणारा रोग. परभणीचं पशुवैद्यक महाविद्यालय १९७२चं. ते दुष्काळाचं साल, आणि हा मुलूख लाल कंधारी गुरांचा. इथे पशुवैद्य म्हणजे बैलाचा डॉक्टर, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

बैलाच्या उपचाराला एक मर्यादा आपोआप असायची. बाजारात त्याची किंमत ठरलेली होती. शेतकऱ्याचा पोळ्याच्या बैलावर जीव असला तरी बैलाच्या किमतीपेक्षा जास्त खर्च तो सहसा करू शकत नसे. डॉक्टरलाही ते माहीत असे. त्यामुळे ‘याने खरंच फरक पडेल का?’ हा प्रश्न दोघांच्याही मनात आधीच असायचा.

कुत्रा या हिशोबात नव्हताच. उरलेली भाकरी खायची, रात्री भुंकायचं, आजारी पडला तर नशीब. सरकारला त्याची आठवण यायची ती माणसाच्या भीतीपोटी. १८३२ साली मुंबईत भटकी कुत्री मारण्याच्या मोहिमेविरुद्ध पारशी रस्त्यावर उतरले आणि दंगल झाली. १८८५ साली लुई पाश्चरने पिसाळलेलं कुत्रं चावलेल्या मुलाला लस दिली. १९०० साली कसौलीत पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली. पण ही लस माणसासाठी होती.

मग कुत्रा अंगणातून घरात आला आणि घरचा झाला. त्याला बाजारभाव नाही, म्हणून खर्चाला वरची मर्यादाही नाही. त्याला बोलता येत नाही आणि आपल्याला त्यातलं कळत नाही. बहुतेकांकडे त्याचा विमा नसतो. वर ‘पैशाकडे बघितलं’ असं वाटायची लाज. अशा वेळी समोरचा डॉक्टर प्रामाणिक असला तरी तपासण्या वाढत जातात. काही सुटलं तर दोष आपल्यावर येईल, ही भीती त्यालाही असते.

दरवर्षीच्या लशीचंच बघा. १९७८च्या सुमारास पार्वो हा नवा विषाणू जगभर पसरला, पिल्लं पटापट मेली, आणि लस देणं ही जीव वाचवणारी गोष्ट ठरली. ती ठरलीच. पण वर्षाच्या शेवटी प्रतिकारशक्ती संपते असं सिद्ध झालं म्हणून दरवर्षीचं वेळापत्रक आलं नव्हतं, ती पडलेली पद्धत होती. अमेरिकेत रोनाल्ड शुल्त्झ यांनी अनेक वर्षं अभ्यास करून दाखवलं की पार्वो आणि डिस्टेंपरचं संरक्षण कित्येक वर्षं टिकतं. आता पशुवैद्यांच्या जागतिक संघटनेच्या सूचनाही हेच सांगतात: पिल्लाचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाला की या लशी तीन वर्षांच्या आत परत देऊ नयेत. लेप्टोची लस मात्र दरवर्षी लागते, आणि रेबीजच्या लशीत काटकसर करायची नाही. आपल्याकडे अनेकदा हे सगळं एकाच बाटलीत, एकाच तारखेला दिलं जातं. यातलं यंदा नक्की काय लागतं, हे विचारता येतं.

साध्या जुलाबांचंही तसंच. कुत्रा खेळतोय, पाणी पितोय, तर बहुतेक वेळा अँटिबायोटिकशिवाय तो दोन-चार दिवसांत बरा होतो. मात्र लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, रक्त पडतंय, तर एक तासही थांबू नये. तिथे सलाइनचा खर्च फुकट जात नाही, त्यानेच जीव वाचतो.

म्हणजे प्रश्न महाग की स्वस्त हा नाही. बाजार जी मर्यादा घालून द्यायचा ती आता आपल्याला विचारून-विचारून शोधावी लागते. या तपासणीमुळे उपचार बदलणार आहे का? दोन दिवस थांबलो तर काय बिघडेल? यातून तो बरा होणार, की फक्त त्याचे हाल लांबणार? मोठा खर्च सांगितला तर पशुवैद्यक महाविद्यालयाच्या चिकित्सालयात दुसरं मत घेता येतं. चांगला डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाही. बैल घेऊन आलेल्या शेतकऱ्याने हेच विचारलं, तेव्हा त्याचं बैलावर प्रेम नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.