मुल्हेरच्या किल्ल्या

सटाण्याहून ताहाराबादमार्गे मी मुल्हेरला किती वेळा गेलो याचा हिशेब नाही, पण आईला कधी नेलं नव्हतं. तिचे गुडघे, ऊन, एस.टी.तली गर्दी अशी कारणं मी सांगायचो. खरं कारण म्हणजे तिच्यामुळे माझी चाल मंदावली असती. गेल्या हिवाळ्यात तिनेच हट्ट धरला. तिचं वय ब्याऐंशी.

आता सटाण्यात उतरणारे पाहुणे साल्हेरची वाट विचारतात. १६७२ची लढाई, सह्याद्रीतला सर्वांत उंच किल्ला आणि २०२५ साली जागतिक वारसा यादीत आलेलं नाव. ते साहजिकच आहे. पण बागलाणच्या राजांची राजधानी मुल्हेर. रुद्रकवीने १५९६ साली नारायणशहासाठी 'राष्ट्रौढवंश' हे वीस सर्गांचं संस्कृत महाकाव्य रचलं, त्यातला मयूरगिरी तो हाच. ते १९१७ साली बडोद्याहून छापलं गेलं. सुरतेहून दख्खनेत येणारी व्यापारी वाट या राज्यातून जायची, आणि मुल्हेरच्या महमुदी नाण्यांना त्या वाटेवर किंमत होती.

'ऐन-इ-अकबरी'त बागलाणचे सात किल्ले आणि तिथली फळं येतात. त्यांत द्राक्षं आणि डाळिंबंही आहेत. आमच्याकडच्या भाषणांत हा दाखला हमखास देतात, जणू आजच्या बागा अकबराच्या काळापासून चालत आल्या आहेत. मला ते पटत नाही. इथे लागलेलं 'गणेश' वाण पुण्याच्या गणेशखिंडीतलं, 'भगवा' राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं. चारशे वर्षांचा वारसा सांगायचाच तर तो डाळिंबात शोधू नये.

गावात एका ओळखीच्या घरी आई ओट्यावर टेकली. "तू जाय वर, मी आठेच बसस," म्हणाली. मी माचीवरचं गणेशमंदिर, सोमेश्वर करून बालेकिल्ल्यावर गेलो. तीच टाकी, तेच वाड्यांचे चौथरे. उतरलो तेव्हा दुपार कलली होती आणि आई चुलीजवळ जाऊन बसली होती.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, लाल मिरचीचा ठेचा, कांदा. आम्ही सटाण्याकडची माणसं बाजरीची. नागली ही पश्चिमेच्या डोंगरातल्या कोकणा लोकांची. भाकरी काळपट, कडा किंचित फाटलेल्या, आणि डाळीत कुस्करल्याशिवाय तिची चव कळत नाही. आईने एक घास तसाच कोरडा चावून पाहिला. घरच्या बाई सांगत होत्या, की नागली नीट वाळवून कणगीत भरली की वर्षानुवर्षं टिकते, तिला कीड लागत नाही. मी मान डोलावली. ज्या गडाची मी इतकी टिपणं काढली, त्यावरची माणसं वेढ्यात काय खात असतील हे मी एकदाही लिहिलं नव्हतं.

जेवताना आईला १६३८ची हकिगत सांगितली. औरंगजेब तेव्हा दख्खनचा सुभेदार. त्याने मालोजी दख्खनी आणि महंमद ताहिर यांना फौज देऊन धाडलं. (ताहाराबाद हे गाव याच ताहिरच्या नावाचं मानतात.) खालचा भाग पडला आणि राजा बहिरजी वरच्या गडावर कोंडला गेला. अखेर त्याने आपली आई आणि वकील यांच्या हाती आठ किल्ल्यांच्या किल्ल्या औरंगजेबाकडे पाठवल्या. मोबदल्यात सुलतानपूर परगणा मागितला. यदुनाथ सरकारांनी हे एका वाक्यात उरकलं आहे. मी माझ्या जुन्या लेखात त्याहून वाईट केलं होतं: 'आईला पुढे करून राजाने आपली लाज राखली' असा शेरा मारून मोकळा झालो होतो.

आई घास घ्यायची थांबली. "केवढी होती ती? उतरली कशी?"

मला उत्तर देता आलं नाही. तासाभरापूर्वी त्याच कातळातल्या पायऱ्यांवरून मी एका हाताने भिंत धरून उतरलो होतो. राजाची आई, म्हणजे घराण्यातली वडीलधारी बाई. तहाच्या बोलण्यासाठी तिला पाठवणं म्हणजे कदाचित शब्दाला जामीन देणंही असेल. शेरा मारताना हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. धान्य संपलं म्हणून ती उतरली, असं म्हणायला आधार नाही आणि मी ते म्हणणारही नाही. पण माझ्या लेखात ती मुलाच्या भित्रेपणाचा पुरावा होती. गड उतरून मोगल सुभेदारासमोर उभं राहणारी बाई त्यात कुठेच नव्हती.

आईने तेवढ्यात घरच्या बाईंना नागलीच्या पिठाचा भाव विचारला. त्यांनी पैसे घेतले नाहीत. दोन शेर पीठ कापडी पिशवीत बांधून दिलं.

परतीच्या एस.टी.त जागा मिळाली. मी वहीत जुन्या लेखातलं ते वाक्य लिहून काढलं, त्यावर काट मारली आणि पुढची ओळ कोरी ठेवली. ताहाराबाद यायच्या आतच आईला डोळा लागला, पिठाची पिशवी मांडीवर तशीच.