काळवीट व माळरानाचे व्यवस्थापन

काळवीट व माळरानाचे व्यवस्थापन : सोलापूर, अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) इ. अवर्षणप्रवण जिल्ह्यांत काळविटांची संख्या, त्यांचा गवताळ अधिवास व लगतची शेती यांचा मेळ राखण्यासाठी झालेले प्रयत्न. काळविटास व्यवहारात हरिण म्हणत असले, तरी प्राणिशास्त्रदृष्ट्या ते कुरंग होय. त्याची शिंगे चितळ-सांबरांच्या शिंगांप्रमाणे दरवर्षी गळून पडत नाहीत. दाट अरण्य त्यास मानवत नाही. कुसळी, मारवेल, पवन्या यांसारख्या गवतांचे मोकळे माळ हेच त्याचे वसतिस्थान होय.

पूर्वी या माळांवर चित्ता व लांडगा हे काळविटांचे मुख्य शत्रू होते. संस्थानिक शिकवलेल्या चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवीत. कोल्हापूर संस्थान त्याकरिता प्रसिद्ध होते व पुढे तेथे आफ्रिकेतून चित्ते आणविले गेले. 1952 मध्ये चित्ता भारतातून नामशेष झाल्याचे घोषित झाले. त्यानंतरही बंदुकीने होणारी शिकार व वाढती लागवड यांमुळे काळवीट घटतच गेले.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये काळविटास पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. 1979 मध्ये नान्नज परिसरासह सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सु. 8,496 चौ. किमी. क्षेत्र माळढोक पक्षी अभयारण्य म्हणून, तर 1980 मध्ये कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे अवघे 2.17 चौ. किमी. क्षेत्र काळविटांसाठी राखण्यात आले. शिकार थांबल्यावर कळप वाढले. परंतु कुरणाला कुंपण नव्हते व भक्षक विरळ झाले होते. त्यामुळे कळप ज्वारी, हरभरा, तूर यांच्या शेतांत उतरू लागले. पिकाच्या रक्षणासाठी पहिल्या अनुसूचीतील प्राण्यास मारण्याची परवानगी कायदा देत नाही; शेतकऱ्यास नुकसानभरपाई तेवढी मिळते. युरोपातील अनेक देशांत हरणांची संख्या ठरावीक शिकारीने मर्यादित ठेवतात; भारतात मात्र व्यवस्थापनाचा भर अधिवासावरच राहिला.

या पद्धतीच्या मर्यादा मध्य प्रदेशातील करेरा येथे दिसून आल्या. माळढोकासाठी 1981 मध्ये स्थापन झालेल्या या अभयारण्यात काळवीट वाढले. पिकांची हानी व जमिनीच्या व्यवहारांवरील निर्बंध यांमुळे ग्रामस्थ दुरावले आणि पुढे माळढोक तेथून नाहीसा झाला. पक्षितज्ज्ञ असद रहमानी यांनी या घटनाक्रमाकडे लक्ष वेधले. सोलापुरातही अभयारण्याचे बहुतांश क्षेत्र खाजगी मालकीचे होते. 2012 मध्ये ते सु. 1,222 चौ. किमी. इतके मर्यादित करण्यात आले. माळढोक मात्र येथे अत्यंत दुर्मिळ झाला.

माळ म्हणजे पडीक जमीन, या समजुतीनेही अधिवासाची हानी झाली. वनीकरणात गिरिपुष्पासारखी झाडे लावली गेली व त्यांच्या सावलीने गवत मागे हटले. शहरालगतचे माळ वस्तीखाली आले. सोलापूरजवळील कुंभारी येथे विडी व असंघटित कामगारांच्या मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. श्रमिकांची निवाऱ्याची ही गरज खरीच होती. अशा स्थितीत काळविटांची संख्या किती असावी, हा प्रश्न केवळ गणनेने सुटत नाही. गवताचे रक्षण, उपऱ्या झाडांचे निर्मूलन, पाणवठ्यांची योग्य आखणी आणि वेळेवर मिळणारी भरपाई यांवरच माळरानाचे व त्यावरील काळविटांचे भवितव्य अवलंबून आहे. कारण कळपांचा बराचसा चारा शेतकऱ्याच्या शेतातून येतो व त्याच्या संमतीवाचून कोणतेही संरक्षण टिकत नाही.